सात पिढ्यांची काच

दगडावर काय कोरायचं ते पाथरवटाला गुरुवारी सकाळी कळवायचं होतं, आणि बुधवारची दुपार कलली तरी काचवाल्यांचं एकमत ‘दगड काळा असावा’ याच्या पुढं सरकलं नव्हतं.

दुकानामागच्या खोलीत सगळे जमले होते. वडिलांना, आप्पांना, जाऊन अकरा महिने झाले होते. ज्यू माणसाच्या कबरीवर वर्ष भरेपर्यंत दगड उभा राहायला हवा, तेव्हा आता चालढकल करायला जागा नव्हती. पाथरवटानं एक छापील नमुना पाठवला होता. मयताचं नाव, मयताच्या वडिलांचं नाव, आडनाव, अशा तीन रिकाम्या ओळी आणि खाली दिव्याच्या कोनाड्याचं माप. कोनाड्याच्या दारापुढं त्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘काच तुमचीच असेल असं धरून चालतो.’

दादानं तो नमुना आदल्या दिवशीच भरून ठेवला होता. आडनाव सगळ्यांत मोठं, आप्पांच्या नावाच्या दुप्पट. जुन्या भाषेत त्या आडनावाचा अर्थ सरळसरळ ‘काचवाला’ होता, आणि तो अर्थसुद्धा खाली कोरावा असं दादाचं म्हणणं होतं, म्हणजे पुढच्यांना कुणाला विचारत बसायला नको.

“अर्धं आडनाव लावणाऱ्याला यात अर्धंच मत,” त्यानं बाळला आधीच बजावलं होतं.

बाळ, त्याचा धाकटा भाऊ, एक्कावन्न वर्षांचा होता, दातांचा डॉक्टर होता, आणि त्याच्या दवाखान्याच्या पाटीवर आडनावाची पहिली तीनच अक्षरं होती. सबंध आडनाव पेशंटांच्या तोंडात मावत नाही, असं तो म्हणायचा. पेशंटांच्या तोंडात तूच इतकं काही कोंबून ठेवतोस, मग मावणार कसं, असं दादा म्हणायचा. गेली अठरा वर्षं हे बोलणं प्रत्येक जेवणाला ताटाशेजारी वाढलेलं असायचं. आज ते चहाबरोबर आलं.

दादाची बाजूही समजून घ्यायला हवी. बासष्ट वर्षांतली चव्वेचाळीस त्यानं काचेत काढली होती. दुकानाच्या दर्शनी काचेवर सोनेरी वर्खाच्या अक्षरांत आडनाव होतं, आणि त्याखाली ‘सात पिढ्यांची काच’. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यानं ती अक्षरं रंगाऱ्याकडून काढून घेतली. किती पिढ्या लिहायच्या म्हणून आप्पांना विचारलं, तर आप्पांच्या हातात पुट्टीचा गोळा होता. “लिही किती पाहिजे तेवढ्या,” ते म्हणाले. समोरच्या बुटांच्या दुकानानं पाच आधीच लिहिल्या होत्या. म्हणून सात.

शिवाय डाव्या हाताची गोष्ट होती. या घरात सगळे उजव्या हातानं लिहीत, उजव्या हातानं जेवत, पण काच कापायचा हिरा उचलला की तो डाव्या हातात जाई. आप्पांचं तसं, दादाचं तसं, आणि दादाची मुलगी चिमणी, जी आता दुकानातलं निम्मं काम बघायची, तिचंही तसंच. गिऱ्हाइकं बघत राहायची. दादा सांगायचा, आमच्यात हे रक्तातूनच येतं, सात पिढ्यांचा हात आहे. फक्त बाळचा हात वळला नव्हता. बारा वर्षांचा असताना त्यानं उजव्या हातानं काचेची पट्टी कापली, चांगली सरळ कापली, आणि दादा सगळ्यांसमोर हसून म्हणाला होता, हा आपल्यातला नव्हेच. पुढं बाळ दातांकडं वळला, त्यात या हसण्याचा वाटा किती हे कुणी मोजलं नाही.

“आडनाव आप्पांपेक्षा मोठं कशाला?” ताई म्हणाली. एरवी ती दादाच्या बाजूनं असायची. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून ती निवृत्त झाली होती, आणि शेवटची चार वर्षं आप्पांचं न्हाणं, औषधं, फेऱ्या मारणं सगळं तिनं केलं होतं, त्यामुळे आप्पांच्या बाबतीत शेवटचा शब्द आपला, असं तिनं मनाशी धरलं होतं. “आप्पांना मोठी अक्षरं आवडायची नाहीत.”

“आप्पांना काय आवडायचं ते आता तू सांगणार,” दादा म्हणाला.

“चार वर्षं मी रोज तेच करत होते.”

वहिनीनं दोघांच्या मधे कप ठेवले आणि म्हणाली, काळ्या दगडावर सगळंच बारीक दिसतं, भांडण मोठं असलं तरी.

तेवढ्यात खिडकीशी बसलेली आई म्हणाली, “वडिलांचं नाव चुकलंय.”

आई चौऱ्याऐंशी वर्षांची होती. ती डुलकी घेतेय असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, कारण तसं ठरवलं की बोलायला सोपं जातं. दादानं नमुना तिच्यापुढं धरला आणि हळू, मोठ्या आवाजात सांगितलं की नाव बरोबर आहे, आप्पांच्या झाडून सगळ्या कागदांवर हेच आहे.

“ओरडू नकोस, ऐकू येतंय मला. कागदांवर आहे, ते खरं. ते काचवाल्याच्या वडिलांचं नाव. ह्यांच्या वडिलांचं वेगळं होतं.”

वहिनीनं किटली खाली ठेवली.

“आणि आडनावही ह्यांचं नाही,” आई म्हणाली. “दगडावर ह्यांचं स्वतःचं नाव घालीन असा मी शब्द दिलाय. म्हणून आज बोलते. नाहीतर मी हे घेऊनच गेले असते.”

ताईला वाटलं, आईचं वय बोलतंय. तिनं आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. आईनं तो हात बाजूला केला आणि चिमणीला भिंतीवरची चौकट काढायला सांगितली.

ती चौकट म्हणजे आई-आप्पांच्या लग्नाचा करारनामा. प्रार्थनामंदिरात लग्न लागलं तेव्हाचा, जुन्या लिपीत, कडेनं वेलबुट्टी. साठ-पासष्ट वर्षं तो त्या भिंतीवर होता. दर आठवड्याला कुणीतरी त्याची काच पुसायचं, उजेडाकडं तिरकी धरून डाग राहिला का बघायचं. काचवाल्यांचं घर. काच लखलखीत ठेवली, मागचा कागद आजवर कुणी वाचला नाही.

जुनी लिपी थोडीफार ताईला येत होती. तिनं बोट ठेवून अक्षर अक्षर लावलं. आप्पांचं पहिलं नाव तिनं वाचलं, आणि ते आप्पांचं नव्हतं. मग वडिलांचं. मग आडनाव. तिन्ही नावं या घरात पहिल्यांदाच उच्चारली जात होती. तिनं पुन्हा एकदा वाचलं, जरा मोठ्यानं, शाळेत हजेरी घेताना कुणी उत्तर दिलं नाही की घ्यायची तसं.

“देवासमोर खोटं नाव नको म्हणाले,” आई म्हणाली. “लग्नाच्या आदल्या दिवशी मला सांगितलं. नको असेल तर अजून वेळ आहे म्हणाले. मी म्हटलं, मला तुमच्या नावाशी लग्न करायचं नाहीये.”

आणि मग तिनं बाकीचं सांगितलं. मधेमधे थांबत, पण एकदाही मागं न जाता, म्हणजे मनात तिनं हे किती वेळा सांगून पाहिलं असेल ते समजत होतं.

ज्यूंची धरपकड चालली होती त्या वर्षी पुलापलीकडं फक्त कसब असलेल्या माणसांना सोडत होते, आणि कसब कागदावर लिहिलेलं लागत होतं. बाकीच्यांचं काय होत होतं ते आईनं सांगितलं नाही. त्या खोलीत ते कुणाला विचारायची गरज नव्हती. आप्पा एकोणीस वर्षांचे. धर्मग्रंथ शिकवणाऱ्याचा मुलगा, हाताला पुस्तकाशिवाय काही लागलेलं नाही, घरातलं मागं कुणी उरलेलं नाही. एका पडक्या शाळेत त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक काचवाला होता. तोही एकटाच. त्याच्या कागदावर फोटो नव्हता. नाव, बापाचं नाव, आडनाव, धंदा. आडनाव आणि धंदा एकच, त्यामुळे बघणाऱ्याला संशय यायला जागा कमी.

“त्याच्याजवळ कागद होता, पण पुलापर्यंत चालायला छातीत दम नव्हता. ह्यांच्याजवळ पाय होते, कागद नव्हता,” आई म्हणाली. “अकरा दिवस त्यानं ह्यांना शिकवलं. शाळेच्या खिडक्यांच्या फुटक्या काचा होत्या, त्यांवर. तो उशीला टेकून, मांडीवर फळी घेऊन. हे समोर. त्याच्या अगदी समोर, कारण शेजारी बसायला खाटेवर जागा नव्हती. तो उजव्या हातानं कापायचा.”

ती थांबली आणि तिनं आपला डावा हात वर केला, हिरा धरल्यासारखा.

सगळ्यांत आधी चिमणीला कळलं. तिनं समोरासमोर दोन हात धरून पाहिले. “आरशात बघून शिकल्यासारखं,” ती हळूच म्हणाली.

दादानं आपला डावा हात मांडीवर ठेवला होता. तो त्यानं तिथून उचलला आणि कुठं ठेवावा हे न कळून परत तिथंच ठेवला.

बाराव्या दिवशी काचवाल्यानं कागद आणि हिरा दोन्ही दिलं. पलीकडं पोचलास की नाव परत दे, म्हणाला. कुणाला द्यायचं ते त्यानं सांगितलं नाही, आप्पांनी विचारलं नाही. पुलावरच्या पहारेकऱ्यानं कागद पाहिला आणि आपल्या चौकीची फुटलेली खिडकी दाखवली. लाव, म्हणाला. आप्पांनी डाव्या हातानं चरा ओढला आणि कडेवर टिचकी मारली. काच बरोबर चऱ्यावर तुटली. तोवर एकदाही तशी तुटली नव्हती.

पुढं घर, धंदा, लग्न, मुलांचे दाखले, सगळं त्या नावावर उभं राहिलं. एकदा आप्पा कचेरीत गेले होते, नाव बदलून घ्यायला. कारकून भला होता. म्हणाला, तुम्हाला आधीच्या नावानं ओळखणारे दोन साक्षीदार आणा. आप्पा त्याचे आभार मानून परत आले.

“हिवाळ्यात एक दिवस दिवा लावायचे,” ताई म्हणाली. “कुणासाठी विचारलं की म्हणायचे, काचवाल्यासाठी. मी समजायची, कुणी पूर्वज.”

“तो त्याच्यासाठीच,” आई म्हणाली.

ताई उठून मोरीकडं गेली, नळ सोडला आणि स्वच्छ असलेले कप धुवू लागली. चार वर्षं. आप्पांच्या पाठीवर कुठं तीळ आहे, कुठल्या पायाला आधी चप्पल लागते, हे तिला माहीत होतं, आणि नाव माहीत नव्हतं. वहिनी तिच्याजवळ गेली आणि न बोलता फडक्यानं एकेक कप पुसू लागली.

आता भडका उडेल तो दादाचा, असं सगळ्यांना वाटत होतं. उडाला बाळचा.

“ते नाव दगडावर घालायचं नाही,” तो म्हणाला. “कोण ओळखतं त्या माणसाला? मी नाही. आप्पा काचवाले म्हणून जगले, काचवाले म्हणून गेले. मी कुणाच्या कबरीवर जायचं, एका अनोळखी माणसाच्या?”

“तू,” दादा म्हणाला. “तू अर्धं टाकून दिलंस ना?”

“टाकलं, ते माझं होतं म्हणून टाकलं. दुसऱ्याचं टाकून देता येतं का?” आणि आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं.

आईनं बाळला जवळ बोलावलं. तो लहान मुलासारखा तिच्या खुर्चीशी जाऊन उभा राहिला, टक्कल पडलेलं डोकं खाली घालून.

“तू बारा वर्षांचा होतास,” ती म्हणाली. “उजव्या हातानं पट्टी कापलीस, आठवतं?”

“हा हसला होता.” बाळनं दादाकडं बघितलं नाही.

“हा हसला. हे काय म्हणाले?”

“काहीच नाही. बघत राहिले आणि मागं अंगणात निघून गेले. मला वाटलं, त्यांना लाज वाटली.”

“अंगणात बसून रडत होते. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, पोरगा अगदी त्याच्यासारखी कापतो. तोच हात, तीच मान. म्हणाले, बरं वाटलं गं, मला फार बरं वाटलं.”

बाळनं चष्मा काढला. तो खिशात ठेवावा की पुसावा हे त्याला ठरवता येईना. एकोणचाळीस वर्षं त्यानं ते अंगणात जाणं बरोबर घेऊन वागवलं होतं, आणि आता ते हातातून कुणी काढून घेतल्यावर हात मोकळे कसे ठेवायचे हे त्याला आठवत नव्हतं.

दादाला हे ऐकून आपण काहीतरी बोलायला हवं असं वाटलं, पण घशातून निघालं ते भलतंच. “मग मला का नाही सांगितलं? मी थोरला. दुकान माझ्यावर टाकलं, आणि हे नाही सांगितलं?”

“सांगायलाच निघाले होते रे,” आई म्हणाली. “तू अठ्ठावीस वर्षांचा होतास. आज सांगतोच म्हणून सकाळी दाढी करून, सदरा बदलून दुकानाकडं गेले. पाच मिनिटांत परत. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, पोरगा शिडीवर आहे. सोन्याची अक्षरं पुसतोय. आत्ता नको.”

वहिनीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही, आणि दोन्ही तिनं फडक्यात घातलं.

“आणि मग?”

“मग तू शिडीवरून खाली उतरलाच नाहीस.”

त्या दिवसापासून आप्पा दुकानात पुढच्या दारानं कधी शिरले नव्हते. अंगणातून यायचे. दाराची घंटा डोक्यात जाते, म्हणायचे. दादानं दोनदा घंटा बदलली होती.

“म्हणजे आपण कुणीच नाही,” दादा म्हणाला. “पाटी खोटी, हात खोटा, आडनाव उसनं. चव्वेचाळीस वर्षं मी लोकांना काय सांगत आलो?”

आईनं जरा विचार केला. “उसनं आणलं, हे खरं. पण वापरलं चांगलं. मला शेवटी काय म्हणाले ते सांगते, शब्द न बदलता. म्हणाले, दगडावर तरी माझं मला दे. त्याचं त्याला परत कर. सांग त्याला, सदुसष्ट वर्षं अंगावर होतं, डाग पडू दिला नाही.”

दादा उठला आणि पुढं दुकानात निघून गेला. मधलं दार त्यानं आपटलं नाही. काचेचं होतं, आणि त्याला या घरात कुणी दार आपटायला शिकवलंच नव्हतं.

दुकानात संध्याकाळचं तिरपं ऊन आलं होतं. दर्शनी काचेवरची अक्षरं आतून उलटी दिसत. त्यांची सावली जमिनीवर पडली होती, तीही वाकडी. दादा त्या सावलीत उभा राहिला. आप्पा तेव्हा इथंच समोर, रस्त्याच्या पलीकडं, दाढी करून उभे असतील. आपण शिडीवरून हात हलवला होता का? त्याला आठवेना. हलवला असणार. आपण तेव्हा फारच खूश होतो.

बराच वेळ मागच्या खोलीत फोन फिरवल्याचा आवाज आला नाही म्हणून त्यानंच काउंटरवरचा फोन उचलला. पाथरवटाला त्यानं सांगितलं की सकाळपर्यंत थांबायला नको, लिहून घ्या. आधी आप्पांचं खरं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आणि आडनाव. ताईनं वाचलेलं त्याला एकदाच ऐकून पाठ झालं होतं. मग म्हणाला, आता खाली दुसरं नाव घ्या, आणि ज्या नावानं आयुष्यभर हाका मारल्या, दाखले काढले, ते नाव, त्याच्या वडिलांच्या नावासकट सांगितलं. पाथरवट गोंधळला. एका माणसाची दोन नावं का, असं त्यानं विचारलं.

“दोन माणसं आहेत,” दादा म्हणाला. “एकच दगड. मोठा घ्या. अक्षरं दोघांची सारखी. आणि मधे एक ओळ.”

ओळ त्याला सुचेना. मागं दारात ताई येऊन उभी होती, ओले हात तसेच. दादानं तिच्याकडं पाहिलं. आप्पांच्या बाबतीतला शेवटचा शब्द.

“‘याचं नाव त्यानं सांभाळलं,’” ताई म्हणाली. “एवढंच पुरे.”

दादानं तेच फोनमध्ये सांगितलं. पलीकडून पाथरवट म्हणाला, मग दिव्याचे कोनाडेही दोन करतो, आणि माप पुन्हा सांगितलं.

चिमणी तोवर पाण्याची बादली आणि खरवडायचं पातं घेऊन काचेपाशी आली होती. तिनं वडिलांकडं बघून विचारलं, ‘सात’ काढू? दादानं मान हलवली. वर्ख जुना होता, पापुद्र्यासारखा निघाला. मागं काचेवर शब्दाएवढी स्वच्छ जागा राहिली, तिच्यातून समोरचं बुटांचं दुकान दिसू लागलं.

“दोन लिहावं लागेल,” दादा म्हणाला. “आप्पा आणि मी.”

“मी काय इथं पुट्टी खायला येते का, बाबा?” चिमणी म्हणाली.

दादानं तिच्याकडं बघितलं आणि रंगाऱ्याला उद्या बोलावतो म्हणाला.

मग तो कापायच्या टेबलाशी गेला. लोकरी कापड झटकलं, कोनाड्यांसाठी काच काढली, दोन मापं घेतली. डाव्या हातात हिरा घेतला आणि थांबला. फळीवर आप्पांचा जुना हिरा होता, पितळी मुठीचा. काचवाल्याचा. तो त्यानं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवला.

“बाळ,” त्यानं हाक मारली. “ये इकडं. दोन काचा आहेत.”

“मी चाळीस वर्षांत कापली नाहीये.”

“दात कापतोस ना? ये.”

बाळ आला. शेजारी दोघं उभे राहू शकतील इतकी जागा टेबलाला होती, पण तो समोर जाऊन उभा राहिला. त्यानं हिरा उचलला, उजव्या हातात. दादानं पट्टी धरली, त्यानंही धरली. ताईनं आईला हाताला धरून आणलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. चिमणी बादली तशीच सोडून बघत राहिली.

दोघा भावांनी एकदमच चरा ओढला. एकाचा डावा हात, एकाचा उजवा, टेबलाच्या दोन बाजूंनी एकमेकांकडं येणारे. तोच बारीक करकर आवाज दोनदा. मग दोघांनी एकदमच टिचकी मारली.

दोन्ही काचा बरोबर चऱ्यावर तुटल्या.

आई बघत होती. ती शाळा तिनं कधी पाहिली नव्हती, तो काचवालाही नाही. लग्नापासून फक्त ऐकलं होतं, की एक असा बसायचा आणि दुसरा त्याच्यासमोर असा. ती थोडी पुढं झुकली.

“ताई, जरा बाजूला हो गं,” ती म्हणाली. “उजेड अडतोय त्यांचा.”